पाऊण मणाचे इंजिन

कुठलीही वस्तू दाखवली की मिस्त्री आधी ती उचलून बघत. घड्याळ असो, शिवणयंत्र असो, की पंपाचा लोखंडी दट्ट्या असो. दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायची, डोळे मिटून घटकाभर धरायची, मग खाली ठेवून म्हणायचे, "हां, आता बोला." त्याआधी गिऱ्हाइकाने वस्तूचे कितीही पुराण सांगितले तरी ते त्यांच्या कानात शिरत नसे.

कोल्हापुरात रंकाळवेशीत त्यांचे दुकान होते. पत्र्याचा आडोसा, एक ऐरण आणि खिळ्याखिळ्याला टांगलेली हत्यारे, एवढाच पसारा. त्यांचे आजोबा तलवारींना पाणी द्यायचे. महाराजांच्या अमदानीत गिरण्या आल्या, पंप आले, तसे हे घराणे यंत्रांकडे वळले. मिस्त्रींना अक्षर म्हणून वाचता येत नव्हते. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो, म्हणून यंत्रांबरोबर आलेले कागद वाचायला ते मला बोलवत. मी वाचायचो, ते ऐकायचे आणि बहुतेक वेळा म्हणायचे, "लिवणाऱ्यानं यंत्र खोललं न्हाय कधी."

तुम्हीही आपापल्या गावात असा एखादा कारागीर पाहिला असेल. पण मी एकदा जे पाहिले ते सांगतो. एका गिरणीचे इंजिन मधूनच खाकरायचे. मिस्त्रींनी लाकडी दांडीचे एक टोक चालत्या इंजिनाला टेकवले, दुसरे दातांत धरले आणि कान झाकून उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, आत डाव्या अंगाचा बोल्ट ढिला आहे. इंजिन खोलले. डाव्या अंगाचा बोल्ट बोटाने फिरत होता. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलताना नकळत आवाज खाली आणू लागलो.

विलायतेकडची मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीचा उन्हाळा होता. आदल्या पावसाळ्यात शिरोळकडे कृष्णेला मोठा पूर आला होता. तिथल्या आबा भोयाची मासे धरायची लहान होडी होती. समोरच्या छपरावर एक कुटुंब अडकलेले. आबा आणि त्याचे दोन मुलगे जिवाच्या आकांताने वल्ही मारत होते, पण धार होडीला पुढे सरकू देईना. त्यांच्या डोळ्यांदेखत ते छप्पर माणसांसकट विरघळले. आबाने कोल्हापुरात येऊन दरबारच्या अंमलदारांना हे सांगितले. हात जोडले नाहीत, रडला नाही, नुसते सांगितले. अंमलदार भला माणूस. विलायतेत होडीच्या मागे टांगायची लहान इंजिने निघाली आहेत हे त्यांनी वाचले होते. त्यांनी मुंबईच्या एका एजंटाला कळवले आणि तो दोन इंजिने घेऊन रंकाळा तलावावर आला. पारख करायला मिस्त्रींना आणि कागद वाचायला मला बोलावणे आले. आबाही मुलांना घेऊन आला होता.

एक इंजिन मोठे, चकचकीत, दोन सिलिंडरचे, बरोबर बॅटरीची पेटी. दुसरे काळपट, एका सिलिंडरचे, त्याला पेटी नव्हती. त्याची ठिणगी चाकातल्या मॅग्नेटोतूनच, म्हणजे चाक फिरले की आपोआप, पडायची. आबाच्या होडीएवढीच एक होडी काढून दोन्ही चालवली. मोठे इंजिन बाणासारखे गेले. धाकटे फटफटत, धूर सोडत मागाहून आले. काठावरच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. अंमलदारांचेही मन मोठ्यावर बसले.

मिस्त्री पाण्यात उतरले. मोठे इंजिन उचलायला त्यांना आबाची मदत लागली, आणि ते लावले की होडीची शेपूट पाण्याला टेकत होती. धाकटे त्यांनी एकट्याने उचलले. पाऊण मण भरले असेल. ते छातीशी धरून डोळे मिटून उभे राहिले. मग बादली मागवली आणि दोन्ही इंजिनांवर वरून पाणी ओतले. बॅटरीची पेटीही भिजवली.

एजंट संतापला. ही काय परीक्षा झाली, असे म्हणू लागला. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "सायेब, पूर काय छत्री धरून येतोय व्हय?"

मोठ्याचे चाक आबाच्या मुलांनी फिरवून फिरवून हात दुखवले. ते उठले नाही. धाकटे तिसऱ्या हिसड्याला सुरू झाले.

अंमलदार तरीही घुटमळत होते. वेग कमी पडेल म्हणाले. त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. आबालाही इंजिन फारसे पसंत नव्हते. आवाजाने मासे पळतील अशी त्याची तक्रार होती. मिस्त्री त्याला म्हणाले, "मासं धराय वल्ही हाईत की. हे माणसं धराय." आणि अंमलदारांकडे वळून म्हणाले, "निवड माझी हाय. पयल्या पुरात हे मीच चालवनार."

अंमलदारांनी मग धाकटेच घेतले. हे बोलणे अंगावर घेऊन मिस्त्रींनी आषाढात दुकानाला कुलूप लावले आणि शिरोळकडे आबाच्या घरी जाऊन राहिले.

श्रावणात पाणी चढले. शाळेला सुटी होती, मीही गेलो होतो. गावाबाहेरच्या उंचवट्यावर आम्ही सारे उभे. समोर पाण्याच्या मध्यावर एका चिंचेवर सहा माणसे, त्यात एक बाई पोटाशी तान्हे बांधून बसलेली. सकाळची वेळ होती, पण उजेड राखेसारखा. मिस्त्री मागे इंजिनाशी, आबा पुढे बांबू घेऊन. होडी धारेला भिडली आणि वर चढू लागली. धारेवर वर चढणारी होडी मी त्याआधी पाहिली नव्हती. माझ्या शेजारचा म्हातारा हात जोडून उभा राहिला. कोणाला जोडले होते कोण जाणे.

निम्म्या वाटेवर इंजिन बंद पडले. वाहत आलेला उसाचा पाला पंख्यात गुंतला होता. होडी आडवी झाली आणि खाली वाहू लागली. आबाने बांबू एका बुडालेल्या झाडात रोवून धरला. बांबू धनुष्यासारखा वाकला. तेवढ्यात मिस्त्रींनी इंजिन सोडवले, एकट्याने उचलून मांडीवर घेतले, कोयत्याने पाला कापला, परत टांगले आणि चाकाला हिसडा दिला. एक. दोन. पाचव्याला धूर आला आणि मग आवाज.

दोन खेपांत सहाही माणसे आणि ते तान्हे काठावर आले. दुपारपर्यंत मिस्त्री आणखी दोन वस्त्यांवर जाऊन आले. मग चुलीपाशी बसून त्यांनी चहा मागितला, तेव्हा मला दिसले, त्यांच्या दोन्ही मांड्या भाजल्या होत्या. तापलेले सिलिंडर मांडीवर घेतले होते ना. मी विचारले, भीती नाही वाटली?

"वाटली की," ते म्हणाले. "मला पवाय येत न्हाय, मास्तर."

आबाने हातातला पेला खाली ठेवला. हे त्यालाही ठाऊक नव्हते. तो म्हणाला, उन्हाळ्यात कोल्हापूरला येतो, शिकवतो.

तो खरेच आला, पुढे दरवर्षी येत राहिला. पन्नाशीचे मिस्त्री कमरेला वाळके भोपळे बांधून रंकाळ्यात उतरत. पोरेटोरे हसत, धुणे धुणाऱ्या बायका पदर तोंडाला लावत. मिस्त्री पाण्यात उताणे पडून गंभीरपणे म्हणत, "आबा, ह्या यंत्राचं वजन कायतरी चुकलंय." पावसाळा आला की ते शिरोळची वाट धरत. दर पुरात इंजिन तेच, माणूस तोच.

मग लढाईच्या शेवटी मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची साथ आली. शहरात घरटी माणूस पडलेले. मिस्त्री तिसऱ्या दिवशी गेले. मी स्वतः तापाने अंथरुणात होतो, त्यांच्या मातीलाही जाऊ शकलो नाही. आबा शिरोळहून चालत आला आणि कबरीवर ओंजळभर माती टाकून, घोटभर पाणीही न घेता परत गेला, असे मागाहून कळले.

मला मिस्त्री आठवतात ते त्याच सालच्या उन्हाळ्यातले. सकाळी त्यांनी भोपळे सोडून पायरीवर ठेवले आणि कोणाला काही न सांगता पाण्यात शिरले. आबा धोतराचा काचा मारून पायरीवर उभा, केव्हाही उडी घ्यायच्या बेतात. मिस्त्रींचे डोके पाण्यावर लहान लहान होत गेले. हात एकसारखे पडत होते, घाई नव्हती. मध्यावर गेल्यावर ते वळतील असे आम्हाला वाटले. ते वळले नाहीत. आबा हळूहळू पायरीवर खाली बसला आणि आम्ही दोघे पलीकडच्या काठाकडे बघत राहिलो.