दयारामचं खालचं शेत

पनवेलमध्ये घर नेमकं कुठल्या भागात घ्यावं, हे दयाराम भोईरला विचारल्याशिवाय कोणी टपाल नाक्यापुढे पाऊल टाकू नये, असं खुद्द दयारामचं मत होतं. पंधरा वर्षं तो घरांची दलाली करत होता. गिऱ्हाइकाला गाडीत बसवायचा आणि सुरू व्हायचा, "साहेब, भिंती काय, सगळीकडं सारख्याच. शेजार बघा, रस्ता बघा, जमीन बघा. मी इथला भूमिपुत्र हाय. या मातीचा कण न् कण मना ठाव." गिऱ्हाईक मुंबईचं असलं की तो मुद्दाम जरा जास्तच गावठी बोले. भूमिपुत्र कशाला खोटं बोलेल, असं लोकांना वाटे आणि काम होऊन जाई.

गंमत म्हणजे कण न् कण त्याला खरोखरच ठाऊक होता. खाडीच्या बाजूला भोइरांची दोन भातशेतं होती, एक वरचं आणि एक खालचं. वरच्यावर गाड्यांचं शोरूम झालं. खालच्यावर 'सिल्व्हर लगून' नावाची सात मजली इमारत उभी राहिली. पावसाळ्यात खाडीला उधाण आलं की खालच्या शेतात पाणी शिरायचं आणि दोन-दोन दिवस हलायचं नाही. आता भराव घातला होता, इमारतीला तीन वर्षं झाली होती आणि पाणी काही आलं नव्हतं. अर्थात मोठं उधाण आणि मोठा पाऊस या तीन वर्षांत एका दिवशी आलेच नव्हते. हे दयाराम कुणाला सांगत नसे. कुणी पाण्याचं विचारलंच तर म्हणे, "येतं की, चोवीस तास, नळाला."

त्याची मुलगी प्रांजल लग्नानंतर रोडपालीला भाड्याच्या घरात राहत होती. एका रविवारी ती आणि तिचा नवरा मिथुन पेढे घेऊन आले.

"मामा, घर ठरवलं," मिथुन म्हणाला. "सिल्व्हर लगून, तळमजला. मालकाशी थेट बोललो, म्हणजे तुम्हाला सरप्राइज."

दयारामने हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. "ते नको. तिथं पाणी भरतं."

मिथुनने मोबाइल काढून एक व्हिडिओ लावला. त्यात सासरेबुवा गळ्यात सोन्याची साखळी घालून त्याच इमारतीसमोर उभे होते आणि ठणकावून सांगत होते, "लिहून घ्या, इथं पायाचा अंगठापण भिजणार नाय!"

"मग हे खोटं का?" मिथुनने विचारलं.

जावयासमोर हो म्हणायला जीभ रेटेना. "तसं नाय... जाहिरात असते ती."

मिथुन समजुतीने हसला. सासऱ्यांकडे दुसरा कुठला तरी फ्लॅट विकायचा पडून असणार, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. प्रांजल तर बोलूनच गेली, "बाबा, निदान आमच्याशी तरी धंदा करू नका." हे मात्र दयारामला फार लागलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला खरं सांगायला गेला, तर ती पोटची लेक निघाली आणि तिचाही विश्वास बसेना.

सोमवारी करार होता. त्याआधी आजीचे पाय घराला लागावेत म्हणून प्रांजलने गुणाबाईला, म्हणजे दयारामच्या आईला, घर दाखवायला आणलं. मागून पडेल चेहऱ्याने दयाराम चालत होता. शेत विकल्यापासून म्हातारी इकडे फिरकली नव्हती. फाटकाशी शेतातल्या देवाचा शेंदूर लावलेला दगड बिल्डरने तसाच ठेवला होता. तिने त्याला हात जोडले आणि लांबच्या डोंगराकडे बघून अंदाज घेतला.

"दया, हे कंचं रं? वरलं का खालचं?"

"खालचं, आये."

गुणाबाईने मान हलवली. उंबऱ्याशी येऊन तिने काठी नातीच्या हातात दिली, दोन्ही हातांनी लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि चकचकीत फरशीवर चाचपत, जपून एक पाय टाकला.

मिथुनला हसू आलं. "आजी, कोरडं आहे हो सगळं."

"दिसतंय रं बाला मना. सवय हाय. या शेतात कवा कोरड्या पायानं उतरलेच नाय."

प्रांजलने बापाकडे पाहिलं. मिथुनने खिशातून फोन काढला आणि सोमवारी जमणार नाही, असं मालकाला कळवून टाकलं. दयारामला लाज वाटली, पण त्याहून जास्त हायसं वाटलं. लेक वाचली होती.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. तिथे सई नावाची बाई राहायची. दोन वर्षांपूर्वी दयारामनेच तिला ते घर मिळवून दिलं होतं.

"अय्या, दयारामकाका! मुलीला इथेच घेताय?" ती आनंदाने म्हणाली. "म्हणजे आमची निवड बरोबरच होती. आता बिनधास्त लाकडी फरशी टाकून घेते. उद्याच माणूस येतोय."

एरवी दयारामच्या तोंडात उत्तर तयार असायचं. पण गुणाबाई अजून लुगडं धरून उभी होती आणि प्रांजल त्याच्याकडेच बघत होती.

"ताई, फरशी टाकू नका," तो म्हणाला. "इथं गुडघ्याएवढं पाणी येतं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

सई खळखळून हसली.

"काय हो काका! मुलीच्या शेजारी आमचाही फ्लॅट स्वस्तात हवाय होय तुम्हाला?" असं म्हणत ती सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेली.