मला आत ओढलं

"हिला आत घ्या. रस्त्यावर नको."

सुपरवायझर असं म्हणाला तेव्हा मी सरावली गावच्या रस्त्यावर पडले होते. रस्त्याला लागून नव्या इमारतीचं काम चालू होतं. वरून फळी सुटली ती माझ्या खांद्यावर. डोक्यावर गवताचा भारा होता म्हणून डोकं वाचलं. दोघांनी मला बखोटीला धरून आत ओढलं आणि फळ्यांच्या ढिगाजवळ टाकलं. मला वाटलं, सावलीत नेताहेत. धड हाताने मी त्या सुपरवायझरला नमस्कार केला. तो नमस्कार आठवला की आजही मला माझीच किळस येते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हवालदार आला. मागे सुपरवायझर, पान चघळत. जबाब लिहूनच आणला होता, फक्त अंगठा हवा होता.

"वाचा आदी," मी म्हटलं.

हवालदाराने कपाळाला आठ्या घालून वाचलं. मी फळ्या चोरायला आत शिरले. ढीग अंगावर आला. चूक माझी.

म्हणून आत घेतलं होतं. खांदा मोडलेल्या बाईला ओढत नेऊन चोर केलं. शी!

"तुम्हा जंगलातल्या लोकांना कुठेही घुसायची सवयच," सुपरवायझर म्हणाला. "अंगठा दे. औषधपाण्याचं आम्ही बघतो."

माझ्या नवऱ्याला त्यांनी वॉचमनची नोकरी कबूल केली होती. त्यानेच माझा अंगठा धरला. "दे ना. मोटी माणसं हायत ती."

मी मूठ आवळली. "मी रस्त्यावर व्हते. आत तुमी नेलं. तसं लिवा, मंग देते."

तसं त्यांनी लिहिलं नाही.

खांदा वाकडाच बसला. नर्सबाईंनी सांगितलं, पालघरच्या कोर्टात गरिबाला फुकट वकील मिळतो. गेले. वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्या कामावर नव्हता, तरी भरपाई मागता येते. येणाऱ्याजाणाऱ्याला इजा होऊ नये हे बघणं त्यांचं काम होतं. हलगर्जीपणाची तक्रार पोलिसांत करू, भरपाईचा दावा इथे लावू."

दावा दाखल झाला तसा सुपरवायझर गोड झाला. घरी आला, खाटेवर बसला. चोरीचा आरोप मागे घेतो म्हणाला. फक्त 'चुकून आत आली' एवढं मान्य कर.

"मी चुकूनबी आत आले नाय. ऊठ माज्या खाटेवरून."

तो उठला. त्याच्यामागे माझा नवराही गेला, त्याला समजवायला. मी गेले नाही. तारखेला एकटी जाते. एका हाताने गवत कापता येत नाही, पण कोर्टाची पायरी चढता येते. जज्जसाहेब विचारतील तितक्या वेळा सांगेन, मी रस्त्यावर होते.