नव्वद सेकंदांचा जिना

आमच्या भावोजींना अख्खी गल्ली 'बंदकाका' म्हणते. माणसानं जन्मभर दुसऱ्यांकडे दिवे लावले आणि नाव काय पडलं, तर बंदकाका! मला त्याचा भारी राग येतो. पण खोटं कशाला बोलू, ते नाव पहिल्यांदा मीच ठेवलं होतं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. हॉस्पिटलात एकतीस वर्षं वायरमन होते. ताई आणि ते चौथ्या मजल्यावर, मी एकटी दुसऱ्यावर. मी शिवणकाम करते, शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, आणि शिवण आली की इस्त्री आली. त्या इस्त्रीवरून आमची वीस वर्षं जुंपलेली. "इस्त्रीबाई, एक शर्ट झाला की तापवतेस, गार करतेस, पुन्हा तापवतेस. साठव ना सगळे, आणि एकदम कर!" मी म्हणायची, "तुम्ही आधी तुमचं डोकं गार करा." मग एकदा गुपचूप करून पाहिलं, तर खरंच निम्मा वेळ वाचला. हे मी त्यांना अजून कळू दिलेलं नाही.

कुणाच्याही घरी गेले की स्वारी आधी फ्रिजकडे. दारात कागदाची चिठ्ठी धरायची, दार लावायचं आणि चिठ्ठी ओढायची. सहज निघून आली की रबर सैल, थंडावा बाहेर. घरातल्या बाईनं चहाचं आधण ठेवलं की हे मागोमाग हजर, "वहिनी, वर झाकण ठेवा." ताई लाजेनं अर्धी व्हायची. परत येताना मला म्हणायची, "पुढच्या वेळी ह्यांना बाहेर बसवून आपण दोघीच आत जाऊ गं."

चेष्टा करायचो आम्ही, पण त्यामागं कारण होतं. हॉस्पिटलची वीज गेली की जनरेटर लागायचा, आणि तो सगळा भार ओढू शकत नसे. मग काय काय बंद करायचं, ते भावोजींनी ठरवायचं. आधी ऑफिस, मग धुलाईची खोली, मग स्वयंपाकघर. वॉर्डाला हात लावायचा नाही. एकतीस वर्षं हेच केल्यावर माणसाच्या डोक्यात ते बसणारच. "जिथं माणूस नाही तिथला दिवा कुणाच्या तरी उशाचा काढून आणलेला असतो," असं ते म्हणायचे. त्यापलीकडे त्यांनी कधी भाषण केलं नाही.

गल्लीत बारा इमारती आणि ट्रान्सफॉर्मर एक. उन्हाळ्यात तो रोज संध्याकाळी बसायचा, कारण सगळ्यांचे पाण्याचे पंप एकदम सहाला चालू व्हायचे. पंखे बंद, म्हातारी माणसं दारात येऊन बसलेली, पोरं रडतायत. भावोजी निवृत्त झाल्यावर एकेका इमारतीत गेले. कुणी हाकललं, कुणी हसलं. पण हे मागे हटले नाहीत. शेवटी एका मोठ्या पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहून गल्लीच्या तोंडाशी टांगलं, प्रत्येक इमारतीच्या पंपाला वेगळा अर्धा तास. त्या उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर एकदाही बसला नाही. गल्लीच्या सभेत लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. हॉस्पिटलात एकतीस वर्षांत त्यांना कुणी 'छान केलंत' म्हटलं नव्हतं. ताईला तर कुठं ठेवू नि कुठं नको झालं होतं. महिनाभर भेटेल त्याला सांगत होती, "ह्यांच्यासाठी सगळे उभे राहिले हो."

त्यानंतर त्यांनी जिन्याचा दिवा हातात घेतला.

आमचा जिना दिवसासुद्धा अंधारा. शेजारची इमारत अगदी अंगाला खेटून, त्यामुळे वळणावर खिडकी असून नसल्यासारखी. दिवे चोवीस तास जळायचे, बंद कोण करणार! भावोजींनी टायमर बसवला. प्रत्येक मजल्यावर बटण. दाबलं की पूर्ण जिना उजळणार आणि ठरल्या वेळानं आपोआप विझणार. किती वेळ, हे ठरवायला ते स्वतः घड्याळ हातात घेऊन खालून चौथ्या मजल्यापर्यंत चढले. सत्तर सेकंद लागले. "वर वीस सेकंद माझ्याकडून," म्हणाले, आणि नव्वदवर लावला. एक खोट होती त्या टायमरात. दिवा चालू असताना बटण दाबून काही उपयोग नसे, विझल्यावरच पुन्हा दाबता येई. भावोजींना त्याची अडचण कधी आलीच नाही. ते पासष्टाव्या वर्षीही दोन दोन पायऱ्या चढायचे.

ताईचे गुडघे गेलेले होते. नव्वद सेकंदांत ती जेमतेम माझ्या मजल्याच्या जरा वर यायची. माझं दार ओलांडून सात-आठ पायऱ्या चढली की दिवा जायचा. खाली बटण माझ्या दाराशी, वरचं तिसऱ्या मजल्यावर, आणि ही मधल्या वळणावर. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कठडा. चपलांचा आवाज थांबला की मला आत कळायचं. मी उठून बाहेर जायची, बटण दाबायची, आणि ती वरून म्हणायची, "आले गं बाई, आले."

मी एकदा भडकले. म्हटलं, "ताई, भावोजींना सांगते आजच. दोन मिनिटांचं काम आहे त्यांचं."

तिनं माझा हात घट्ट धरला. "अजिबात नाही. शपथ आहे तुला. बाकीच्या इमारतींतून माणसं येतायत बघायला, आमच्याकडेही लावा म्हणून. आणि पहिली तक्रार काय घरातून जाऊ देऊ? मी जरा भरभर चढत जाईन."

भरभर! गुडघ्यांत पाणी झालेली बाई अंधाराशी शर्यत लावायला निघाली. आणि मी मूग गिळून गप्प बसले. कारण खरं सांगायचं तर भावोजींचा तो खुललेला चेहरा मलाही मोडवत नव्हता.

तो दिवस मंगळवार. दुपारचे चार. शाळेचे चाळीस गणवेश दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. मी मशीनवर होते. ताईच्या चपला दारावरून गेल्या, ऐकल्या मी. मग थांबल्या, तेही ऐकलं. मनात म्हटलं, एवढी शिवण संपवते आणि उठते. मशीन चालूच ठेवलं. शिवण संपायच्या आत वरून आवाज आला. माणूस पडल्याचा आवाज असा असतो, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. भावोजी तेव्हा पाचव्या इमारतीत तसलाच टायमर बसवत होते. धावत आले, जिन्याच्या तोंडाशी आले, सवयीनं बटण दाबलं आणि वर बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

ऑपरेशन झालं, ताई घरी आली, पण पुन्हा जिना काही उतरली नाही. पलंग ते खिडकी, एवढंच तिचं जग झालं. भावोजींनी आमचा टायमर उपटून टाकला आणि बाकीच्या पाचही इमारतींतले काढून आणले. जिन्यातले दिवे पुन्हा रात्रंदिवस जळू लागले. ते कुणाच्या फ्रिजकडे जाईनात, कुणाला झाकण ठेवा म्हणेनात. मी मुद्दाम एकेक शर्टाला वेगळी इस्त्री तापवून दाखवली, काही बोलतील, निदान चिडतील म्हणून. बघितलं आणि निघून गेले.

पंपाचं वेळापत्रकही मोडलं. सांगणारं कुणी नाही म्हटल्यावर बाराही इमारती पुन्हा सहाला. पुढच्या उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर बसला आणि ताईच्या डोक्यावरचा पंखा थांबला. मी वर गेले तर भावोजी पलंगाशी बसून तिला वारा घालत होते. हातात तोच वेळापत्रकाचा पुठ्ठा.

ताई घामानं निथळत होती, तरी हसली. "अहो, ते वारा घालायला नव्हतं लिहिलं."

त्यांनी दुसऱ्या हातानं तिच्या कपाळावरचा घाम पुसला.

"आणि तो जिन्यातला दिवा. दाराच्या फटीतून दिसतो मला दिवसभर. कुणी येत नाही, कुणी जात नाही, आणि तो आपला जळतोय. तुम्हाला बघवतो?"

"जळू दे," भावोजी म्हणाले. पुठ्ठ्याचा हात काही थांबला नाही.

दोन वर्षं ती अशी होती. शेवटी थंडीत छातीत कफ झाला आणि चार दिवसांत गेली. त्या लख्ख उजेडातून तिला चौघांनी उचलून खाली नेलं. मी मागून उतरत होते. त्या वळणावर मी थांबले, कुणीतरी दंडाला धरून मला पुढे नेलं.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ताईला नाही, भावोजींना तर नाहीच. त्यांना वाटत होतं की सगळा दोष त्यांच्या एकट्याचा. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि त्यातला निम्मा भार माझा आहे हे सांगायला माझी जीभ रेटत नव्हती. सांगितलं आणि त्यांनी तोंड फिरवलं तर? ताईनंतर मला तेवढंच एक माणूस उरलं होतं.

महिना-सव्वा महिना गेला. एका सकाळी भावोजी दारात उभे. हातात घड्याळ, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

"चल, इस्त्रीबाई. खाली चल."

दोन वर्षांनी त्यांनी मला त्या नावानं हाक मारली. मी म्हटलं, "कशाला?"

"चढायचंय. ह्या इमारतीत आता सगळ्यात हळू तू आहेस. नवा टायमर आणलाय, चालू असताना दाबला तरी वेळ वाढतो ह्याचा. तिला तो दिवा उगाच जळलेला खपत नव्हता."

बाहेर डोकावले तर गल्लीच्या तोंडाशी पुठ्ठा पुन्हा टांगलेला. त्यावरचे घामेजल्या बोटांचे डाग तसेच असणार.

आम्ही खाली गेलो. त्यांनी घड्याळाचं बटण दाबलं आणि माझ्या मागे उभे राहिले. मी चौसष्टची, पण मला हळू म्हणतात म्हणजे काय! पदर खोचून तरातरा निघाले. पहिला मजला झाला, दुसऱ्याला धाप लागली.

"अशी पळू नकोस," मागून आवाज आला. "तीही अशीच पळायची."

मी वळले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच. पडून होती तेव्हा. रोज थोडं थोडं."

पुढच्या सात-आठ पायऱ्या मी मुंगीच्या पावलानं चढले आणि त्या वळणावर थांबले. गुडघ्यांमुळे नाही. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, हे मला कळलं होतं. "भावोजी, मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "ती इथं अंधारात थांबायची, ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या दिवशीही चपला थांबल्या ते ऐकलं मी. शिवण संपवून उठणार होते."

त्यांनी विचारलं, "किती राहिली होती शिवण?"

"वीतभर."

ते पायरीवर बसले. "तुझं मशीन थांबायची वाट बघत होती, म्हणाली. मग वाटलं, कामात आहे, कशाला हाक मारू. पाऊल टाकलं. तुझ्यावर रागावली नव्हती. तुला सांगू नका म्हणाली."

मला रडू कोसळलं. कठड्याला डोकं टेकून मी लहान पोरीसारखी रडले. खालून कुणीतरी आलं, आम्हाला बघून परत गेलं.

भावोजी हळूच म्हणाले, "चाळीस वर्षांत मी तिच्याबरोबर हा जिना एकदाही चढलो नाही. नेहमी पुढे. वर जाऊन दार उघडून ठेवायचो, आणि मला वाटायचं केवढी काळजी घेतो मी तिची."

मी डोळे पुसले, नाक पुसलं. "घड्याळ थांबवा," म्हटलं. "माझ्या रडण्यात वेळ गेला तुमचा."

"चालू आहे," ते म्हणाले. "चालूच राहू दे. थांबावं लागतं माणसाला. तेही धरायला हवं."

मग आम्ही चढलो, मी पुढे, ते मागे. चौथ्या मजल्यावर पोचलो तेव्हा घड्याळात सव्वाअकरा मिनिटं झाली होती. त्यांनी तिथंच टायमर उघडला आणि बारावर लावला.

आता ते बाकीच्या इमारतींतही जातात. दार वाजवतात आणि विचारतात, इथं सगळ्यात हळू कोण चढतं? मग त्या माणसाच्या मागून, त्याच्या चालीनं चढतात. पोरं अजूनही त्यांना बंदकाका म्हणतात. मी आता त्यांना दटावते.

परवा आमच्या इमारतीचा नवा सेक्रेटरी, तरणाताठा माणूस, घरी आला होता. म्हणाला, "काका, तुमच्यासारखा माणूस, आणि चार मजल्यांना बारा मिनिटं? कुणाला लागतात एवढी?"

भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिला," म्हणाले. "हिला जिन्यात थांबून बोलायचं असतं."