गाईड कॅप्टनची सही

आठ मुलींचे राज्य पुरस्काराचे फॉर्म मी नामंजूर केले, आणि त्या आठही जणी त्या दिवशी मैदानावर आलेल्या सगळ्या मुलींत उजव्या होत्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लोकांनी लक्षात ठेवली ती पहिली.

मी कसबा बावड्यात राहते. शहरातल्या मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवला आणि नोकरीतली बहुतेक वर्षं शाळेच्या गाईड पथकाची कॅप्टन होते. मुलांच्या पथकाला स्काऊट मास्टर असतो, तशी मुलींच्या पथकाला कॅप्टन. निवृत्तीनंतर घरच्यांना वाटलं, आता ही गणवेश कपाटात ठेवील. पण जिल्हा समितीत चाचणी घ्यायला माणसं कमी होती, म्हणून मी राहिले. आम्ही सगळेच बिनपगारी. कुणी शिक्षक, कुणी निवृत्त, एकजण तर छापखानावाला. समितीत मी खडूस म्हणून ओळखली जायची. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

राज्य पुरस्काराची चाचणी म्हणजे मुलींच्या दोन-तीन वर्षांच्या मेहनतीची परीक्षा. गाठी, प्रथमोपचार, खुणांवरून माग काढणं, शिवाय मुक्कामाचं शिबिर केल्याची नोंदवही. पुरस्कार मिळाला की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांचा डोळा त्यावर असतो. आणि त्यामुळेच नोंदवह्यांत काय काय लिहून येतं, ते मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

त्या हिवाळ्यात नेसरीच्या पुढच्या एका गावातून आठ मुली आल्या. पहाटेच्या एसटीनं निघालेल्या, तरी मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्याबरोबर त्यांच्या शाळेतले एक सर होते, पन्नाशीचे, काळेसावळे, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला बोलले तरी या टोकाला कळावं. त्यांना मी समितीच्या बैठकांतून ओळखत होते. सोबत एक तरुण शिक्षिका होत्या. नोंदवहीत कॅप्टन म्हणून त्यांचंच नाव होतं. त्यांच्या गणवेशाच्या घड्या दुकानातून आणल्या तशाच होत्या, हे मला लांबूनच दिसलं.

मुलींनी कमाल केली. खुर्ची गाठ, म्हणजे जखमी माणसाला उंचावरून खाली सोडताना बांधतात ती, त्यांच्या संघनायिकेनं डोळे मिटून बांधली. दोन काठ्या आणि दोन शर्टांचं स्ट्रेचर केलं, त्यावर तिघींनी मिळून एका धष्टपुष्ट मुलीला मैदानभर फिरवून आणलं. मी खूश होऊन त्या संघनायिकेला म्हणाले, "छान शिकवलंय गं कॅप्टनबाईंनी."

"बाईंनी न्हाय, सरांनी शिकिवलं," ती म्हणाली. "बाई पाचवीच्या वर्गाला हायत."

"आणि शिबिराला? मुक्कामाला बाई होत्या ना?"

तिनं सरांकडं पाहिलं. ते पाण्याच्या टाकीजवळ उभे होते. "सर हुते की," ती हळूच म्हणाली.

नोंदवहीत शिबिराच्या प्रत्येक पानाखाली कॅप्टनची सही होती. मी त्या शिक्षिकेला बाजूला नेलं आणि विचारलं, तुम्ही शिबिराला होता का? त्यांनी मान खाली घातली. प्रशिक्षण त्यांनी लग्नाआधी केलं होतं, प्रमाणपत्र खरं होतं. पण शिबिराला त्या गेल्या नव्हत्या. मी पुढचं काही विचारलं नाही. एवढं पुरे होतं मला. आठही फॉर्मवर मी शेरा लिहिला, "मुक्कामाच्या शिबिरात गाईड कॅप्टन गैरहजर. नोंद खोटी." आणि शिफारशीची जागा कोरी ठेवली.

सर तरातरा आले. राग आला की त्यांची शाळेतली भाषा गळून पडायची.

"बाई, हे काय लिवलंय?"

"जे खरं आहे ते."

"पोरींच्या गाठी बघितल्या का न्हाय तुमी? का गाठ बाईची येगळी आन् बाप्याची येगळी असती?"

"गाठींचा प्रश्न नाही सर. मुक्कामाला बाई पाहिजे, हा नियम आहे. तुम्हाला माहीत होता."

"माहीत व्हता! गेली बारा वर्सं माहीत हाय! आमच्या शाळंत सात शिक्षक, त्यात बाई एक. तिचं पोरगं लहान. मग काय, पोरींनी घरात बसायचं?"

"मग खोटी सही कशाला घेतलीत?"

आजूबाजूच्या पथकांतल्या मुली आमच्याकडं बघायला लागल्या होत्या. सरांनी बोट माझ्याकडं केलं आणि म्हणाले, "बैठकीत बघू." त्यांच्या आठ मुली एका रांगेत उभ्या होत्या. काय झालं ते त्यांना कळलं होतं. एकही रडली नाही. मला ते जास्त लागलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मी त्या दिवशी सांगितली नाही, आणि बैठकीतही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत डोंगरातल्या एका शिबिराला मी माझ्या मुली घेऊन गेले होते. शेजारच्या तंबूत दुसऱ्या शाळेच्या मुली होत्या, त्यांच्याबरोबर फक्त एक शिक्षक. सज्जन माणूस, पोरींवर जीव लावणारा. त्यांच्यातली एक मुलगी दोन दिवस पोटात दुखतंय म्हणून तंबूतून बाहेर आली नाही. सरांनी ओवा दिला, लिंबूपाणी दिलं. तिसऱ्या दिवशी मी सहज डोकावले, तर ती भिजलेल्या कपड्यांत अंग आखडून बसलेली. पहिल्यांदाच पाळी आली होती तिला, आणि सांगायला बाईमाणूस नव्हतं. तिनं माझा हात असा धरला की नखं रुतली. तेव्हापासून हा नियम माझ्यासाठी पुस्तकातला राहिला नाही. पण पुरुषांनी भरलेल्या खोलीत हे बोलायला माझी जीभ उचलली नाही. मी आपलं "नियम म्हणजे नियम" एवढंच धरून बसले.

बैठक रविवारी सकाळी होती. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, भांडण टाळण्यात हयात गेलेले. पुरस्कारांच्या शिफारशींचा विषय येताच सर उठले. त्यांनी त्या शिक्षिकेलाही सोबत आणलं होतं, साक्षीला आणावं तसं.

"माझा एकच सवाल हाय," ते म्हणाले. "ह्या खोलीतल्या कितीजणांच्या नोंदवह्या शंभर टक्के खऱ्या हायत? हात वर करा."

कुणी हात वर केला नाही. छापखानावाले हसले. एकजण म्हणाला, "बाई, मिटवा की आता. पोरींच्या गुणांचं नुकसान कशापायी?"

"सगळे खोटं लिहितात म्हणून मी त्यावर सही करू?" मी म्हणाले.

"तुमाला सही करायला येती कुठं?" सर माझ्याकडं वळले. "तुमाला फुल्या मारायला येतंय. शहरात बसून, घरापास्नं मैदानापर्यंत रिक्षानं येऊन! कधी आमच्या गावात पाय ठेवलाय? पोरींना शिबिराला धाडा म्हणून एकेकीच्या बापाचं दार मी चार-चार बारी वाजिवलंय."

"ते कौतुकाचं आहे. पण उद्या एखाद्या मुलीला काही झालं तर—"

"काय म्हणायचंय तुमाला?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "सरळ बोला की. माझ्यावर शंका हाय?"

 मला तसं म्हणायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. पण खरं कारण सांगायचं धाडस नसल्यानं माझं वाक्य अर्धं राहिलं आणि त्या अर्ध्या वाक्याला तोच अर्थ चिकटला. मी म्हणाले, "तसं नाही." ते कुणाला ऐकूही गेलं नसावं.

मग सरांनी अध्यक्षांना सांगितलं, "दोन वर्सांमागं मी अर्ज दिलता. कपाटात असंल, काढा."

अध्यक्षांनी कपाट उघडलं. बराच वेळ शोधाशोध झाली. शेवटी एक पिवळट अर्ज निघाला. सरांनीच तो मोठ्यानं वाचला. "आमच्या शाळेत गाईड कॅप्टनला मुक्कामास येणे अडचणीचे असल्याने गावातील अंगणवाडीच्या बाई अथवा मुलींपैकी एकीची आई यांना थोडे प्रशिक्षण देऊन शिबिरात जबाबदार महिला म्हणून मान्यता मिळावी." आणि मग खालचा शेरा वाचला. "नियमात बसत नाही."

"अक्षर वळखलं का बाई?" त्यांनी कागद माझ्यासमोर धरला.

अक्षर माझं होतं. तो अर्ज मला आठवतही नव्हता. बहुधा त्या दिवशी वीस-पंचवीस अर्ज समोर असतील, मी एकेकावर चार शब्द लिहून बाजूला सारले असतील. चांगला मार्ग होता तो. मुलींजवळ बाईमाणूस असावं, एवढीच माझी तळमळ होती तर मी स्वतःच त्यासाठी धडपडायला हवं होतं.

"चूक झाली माझी," मी म्हणाले. "अर्ज मान्य व्हायला हवा होता. पण शिबिराची नोंद खोटी आहे ती आहे. मी शिफारस करणार नाही. अजून मुदत आहे, शिबिर पुन्हा घ्या. मी स्वतः कॅप्टन म्हणून येते."

"तुमचे उपकार नगंत आमाला," सर म्हणाले.

तेवढ्यात भिंतीकडच्या खुर्चीवरून त्या तरुण शिक्षिका उठल्या. तोवर कुणीही, मीसुद्धा, त्यांच्याकडं पाहिलं नव्हतं.

"मी आले असते," त्या म्हणाल्या.

"काय?" सरांनी वळून पाहिलं.

"शिबिराला. मी आले असते सर. पोराला सासूबाईंनी सांभाळलं असतं, मी त्यांना विचारूनपण ठेवलं होतं. तुम्हीच म्हणालात, बाई तुम्ही राहू द्या, तुम्हाला रानात जमायचं न्हाय, नुसती सही करा." मग त्या माझ्याकडं वळल्या. "आणि मॅडम, तुम्हीपण मैदानावर एवढंच विचारलंत, होता का नव्हता. का नव्हता ते न्हाय विचारलंत."

  सरांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले. परत जाताना बाईंना सोबतही घेतलं नाही. मी त्यांना रिक्षानं स्टँडवर सोडलं.  उतरताना त्या म्हणाल्या, "आता शाळेत माझं काही खरं न्हाय."

शिबिर पुन्हा झालं. त्या बाईंनीच घेतलं, गावाबाहेरच्या देवळाच्या आवारात. मी एक दिवस पाहायला गेले. नेसरीपर्यंत एसटी आणि पुढं वडापची जीप. त्या चुलीपुढं बसून मुलींना मोठ्यानं दटावत होत्या आणि मुलीही त्यांना उलट उत्तरं देत होत्या, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. सर फिरकले नाहीत. त्यांनी शाळेत तोंडी सांगून टाकलं होतं की पथकाशी त्यांचा आता संबंध नाही.

पण आठांतल्या सहाच मुली आल्या. एकीच्या घरी लग्न होतं. दुसरी ती संघनायिका, डोळे मिटून गाठ बांधणारी. तिचे वडील म्हणाले, एकदा पोरगी पाठवली, परीक्षा दिली, आता परत कशाला? बाई दोनदा त्यांच्या घरी जाऊन आल्या. दारातूनच परत पाठवलं त्यांना. आधी ज्या दारातून सरांनी त्या मुलीला बाहेर काढलं होतं, तिथं आता सर गेले असते तर कदाचित... पण सर गेले नाहीत. मी बाईंकडून सरांना निरोप धाडला होता. उत्तर आलं नाही.

सहाजणींना पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी समितीनं सरांचा जुना अर्ज मान्य केला. ठराव मी मांडला. अंगणवाड्यांतल्या तिघीजणी प्रशिक्षणाला आल्या, त्यांना मी शिकवलं. त्या ठरावाच्या बैठकीला सरांची खुर्ची रिकामी होती. छापखानावाले म्हणाले, "बाई, हेच आधी केलं असतं तर?" मला त्यांचा राग आला, कारण म्हणणं बरोबर होतं.

गेल्या उन्हाळ्यात सर मला सीबीएस स्टँडवर दिसले, गडहिंग्लजच्या गाडीची वाट बघत. आमच्यात रिवाज असा की स्काऊट-गाईड मंडळी भेटली की डावा हात मिळवायचा. मी डावा हात पुढं केला. त्यांनी पिशवी खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, मॅडम." इतकी वर्षं मला ते बाई म्हणायचे, भांडतानासुद्धा.

मी विचारलं, "तुमची ती संघनायिका काय करते हो आता?"

"तिलाच विचारा की," ते म्हणाले. "तुमच्या त्या फारमावर पत्ता असंल."

गाडी लागली तसे ते गर्दीत घुसले, खिडकीजवळची जागा धरली आणि दुसरीकडं तोंड करून बसले. गाडी हलेपर्यंत मी तिथंच उभी होते, उगीचच. मग बावड्याच्या बसकडं वळले.