मावळ्यांच्या पत्रावळीवरचा बटाटा
तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर बटाटे उकडू लागले, की त्या वासासरशी मला माहुली गडाच्या पायथ्याशी झालेले एका ऐतिहासिक मालिकेचे चित्रीकरण आठवते. लढाईला निघणाऱ्या मावळ्यांच्या पंगतीत मला अगदी कॅमेऱ्यासमोर बसवले होते, आणि माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते मी आधीच सांगून ठेवले होते. डोक्याला पागोटे, डिंकाने चिकटवलेली मिशी, खाली टोचणारा भाताचा पेंढा, असा मी सज्ज असतानाच पळसाच्या पत्रावळीवर गव्हाची पोळी आणि बटाट्याची भाजी पडली. मी नम्रपणे दिग्दर्शकांच्या निदर्शनास आणले, की त्या काळी या डोंगरात बटाटा नव्हता. इथे नाचणीची भाकरीच हवी. ते हसून म्हणाले, "काका, लोक लढाई बघणार की भाजी?" शेजारी बसलेला डोळखांबचा शेतकरी कुजबुजला, "खा रे दादा गुपचूप, नाय तर मागं बसवतील तुला." मी हात मांडीवर ठेवून उत्तर दिले, "मरायला निघालेला माणूस काय जेवला, हेच तुम्ही खोटे दाखवलेत, तर त्याचे मरण तरी कोण खरे मानील?" तत्काळ माझी रवानगी कडेला, पाठमोऱ्या जागेवर झाली आणि सारी पंगत खदखदून हसली. मालिका लागली तेव्हा "तुमचं तोंड कुठं दिसलं नाय," म्हणून कचेरीत माझी थट्टा झाली. ती आजही होते. मी सातवीपर्यंतच शिकलो असेन, परंतु त्यांना ठणकावून सांगतो: ते दृश्य पुन्हा नीट पाहा, सगळे जेवत असताना ज्या एका पाठमोऱ्या माणसाचा हात पत्रावळीकडे जात नाही, तो मी आहे.