फाट्यावरचा जलवीर

आमच्या गावाच्या इतिहासात आजवर एकच आंदोलन यशस्वी झालं, आणि ते मी केलं. मला न विचारता.

तलवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावाचा फाटा आहे. एसटी फाट्यावर थांबायची आणि गाव तिथून बरंच आत. डोक्यावर किराणा घेऊन चालत जाताना माणसाला मागचा जन्म आठवावा, इतकं आत. एसटी गावात यावी म्हणून गावानं अर्ज केले, निवेदनं दिली, पुढाऱ्यांना हार घातले. ती येऊ नये असं वाटणारा माणूस एकटा मी. कारण फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान! गाडीची वाट बघणारा माणूस कंटाळतो, कंटाळला की त्याला आधार कार्डाची झेरॉक्स आठवते, नाहीतर बिस्किटपुडा. त्याच्यावर माझं घर चालायचं. अर्थात, हे गावात उघड बोलायची सोय नव्हती. म्हणून गावाच्या प्रत्येक अर्जाची झेरॉक्स मी फुकट काढून द्यायचो आणि तो नामंजूर झाला की सगळ्यांच्या बरोबरीनं हळहळायचो.

दुकान सोडलं तर मला एकच नाद, मासे धरायचा. रस्त्याला लागूनच तलाव आहे. संध्याकाळी गळ टाकून काठावर बसायचं आणि बोटाएवढे मासे घरी न्यायचे. मोठे राहू, कटला तिकडे मधोमध उड्या मारायचे, मला चिडवायला. (बायको म्हणते, "आवं, त्यांला तुमी दिसता बी न्हाई." छाया माझा कोणताही भ्रम फार दिवस टिकू देत नाही.)

झेरॉक्स मशीनचा एक भाग शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात गेलो होतो. तो मिळाला नाही, पण ट्यूब मिळाली. घोड्याच्या नालासारखी, हवा भरायची, मधे कापडी बैठक. माणसानं बैठकीत बसायचं, पाय खाली पाण्यात सोडायचे, कमरेला पट्टा आवळायचा आणि तलावाच्या मधोमध जाऊन मासे धरायचे. "साहेब लोक परदेशात असेच धरतात," विकणारा म्हणाला. पायात बदकासारखे रबरी पंजे घालून ती वल्हवायची असते, हेही त्यानं सांगितलं.

"मग पंजे कुठं आहेत?"

"ते आधीच्या मालकानं ठेवून घेतले."

आधीच्या मालकानं ट्यूब विकली आणि पंजे ठेवले, याचा अर्थ शहाण्या माणसानं ओळखला असता. मी ट्यूब काखेत मारून गाडी पकडली.

फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं तिला दोन ठिगळं लावली आणि विचारलं, "नाना, हवा मोटारसायकलची भरू का ट्रकची?" मी म्हणालो, "माझ्याकडं बघून भर." त्यानं माझ्या पोटाकडे बघितलं आणि ट्रकची भरली.

रविवारी सकाळी आम्ही तलावावर गेलो. आम्ही म्हणजे मी, छाया आणि माझा धाकटा भाऊ सुदाम. सुदामला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं, त्यामुळे त्या दिवसांत तो कुणाच्याही बारशाला, मयताला आणि पंगतीला न बोलावता हजर असायचा. मला पोहता येत नाही म्हणून ट्यूबला लांब दोरी बांधली होती.

"दोरीचं दुसरं टोक त्या बाभळीला बांधा," छाया म्हणाली.

"सख्खा भाऊ उभा असताना बाभळीला कावून?"

"बांधा म्हनते ना मी."

"वहिनी, माझ्यावर भरवसा न्हाई का?" सुदामनं छातीला हात लावला. मी दोरी त्याच्या हातात दिली.

बैठकीत बसलो आणि पहिली गोष्ट कळली. या ट्यूबमधून माणूस पाठीमागे जातो. पुढे काय वाढून ठेवलंय ते दिसत नाही, फक्त मागे राहिलेले नातेवाईक दिसतात. दुसरी गोष्ट, ट्यूबच्या बाजू इतक्या फुगीर की हात पाण्याला टेकतच नव्हते. वारा सुटला आणि मी मधोमध निघालो. पण दोरी होती. गळ टाकला. मस्त वाटलं! तेवढ्यात सुदाम ओरडला, "नाना, इकडं बघ! लाइव्ह चाललंय!" मी बघितलं. त्याच्या दोन्ही हातांत मोबाइल होता.

"सुद्या, दोरी?"

दोरी माझ्या मागोमाग पाण्यातून येत होती.

आता यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण महिन्याभरापूर्वी शेजारच्या गावानं विजेची डीपी जळाली म्हणून याच तलावात जलसमाधी आंदोलन केलं होतं. तेव्हापासून या पाण्यात छातीपर्यंत बुडालेला माणूस दिसला की आमच्याकडे कोणी तो बुडतोय असं म्हणत नाही. त्याची मागणी काय, असं विचारतात.

रस्त्यावरून एसटी चालली होती, ती थांबली. खिडकीतून एक मुंडासं बाहेर आलं. "आंदोलन हाय, आंदोलन! उतरा!" अख्खी गाडी रिकामी झाली. मोटारसायकली थांबल्या, ऊसतोडीला निघालेला ट्रॅक्टर थांबला. मी ओरडलो, "वाचवा! दोरी टाका!" काठावरून टाळ्या पडल्या.

"कोन हाय बे ते?"

"झेरॉक्सवाले नाना! लई साधा मानूस, पन बघा कसा पेटून उठला."

मग घोषणा सुरू झाली, "नाना, तुम आगे बढो, हम तुम्हारे साथ हैं!" मी मागे चाललो होतो आणि साथीला कोणीही नव्हतं. त्यात डाव्या ठिगळातून बारीक फुसफुस ऐकू यायला लागली.

पोलिसांची गाडी आली. तिच्यातून एक साहेब उतरले आणि कर्ण्यातून म्हणाले, "टोकाचं पाऊल उचलू नका. आपण चर्चा करू."

"चर्चा नंतर! आधी दोरी!"

"मागणी काय आहे तुमची?"

मी सांगणार तेवढ्यात सुदाम पुढं झाला. मी त्याचा चेहरा पाहिला. त्यानं गर्दी बघितली, साहेब बघितले, आणि मग ती रस्त्यात उभी असलेली एसटी बघितली. लहानपणी माझ्या ताटातली भाकर उचलण्याआधी तो असाच थोडा वेळ विचार करायचा.

"साहेब," सुदाम गरजला, "एसटी आमच्या गावात आली पायजे! तवर माझा भाऊ पान्याबाहेर येनार न्हाई!"

"येतो! आत्ता येतो!" मी किंचाळलो. "माझी काई मागनी न्हाई! एसटी नको! फाट्यावरच बरी हाय!"

हे काठावर सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. वारा तेव्हा नेमका पडला होता. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "गारठ्यानं बरळाय लागलं गं लेकरू."

साहेबांना मात्र शंका आली. ते छायाकडे वळले. "ताई, तुम्ही त्यांच्या मंडळी ना? ही मागणी खरी आहे का?"

मला हायसं वाटलं. सुदाम सख्खा असला तरी सुदामच. पण छाया त्याच दुकानाच्या जिवावर माझ्यासोबत जेवते! मी पाण्यातून हात जोडले. छायानं माझ्याकडे बघितलं. मग एसटीकडे बघितलं. मग वाकून स्वतःचे गुडघे चोळले. इतकी वर्षं फाट्यापासून घरापर्यंत दळण, किराणा, गॅसची टाकी तिनंच वाहिली होती, कारण मी दुकान सोडून हलू शकत नव्हतो.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "लई दिसाची मागनी हाय."

त्याच क्षणी माझ्या गळाला मासा लागला. आयुष्यातला पहिला मोठा कटला असणार, कारण गळाची काठी धनुष्यासारखी वाकली. पण साहेबांनी एसटीच्या आगारात फोन लावला, मागणी मान्य झाल्याचं कर्ण्यातून सांगितलं, आणि मग कुठं कोणीतरी माझ्याकडे दोरी फेकली. एका हातात कटला आणि दुसऱ्या हातात दोरी, हे दोन्ही जमेना. काठी सोडून दिली. मासा माझी काठी घेऊन गेला, गाव माझी एसटी घेऊन गेलं.

गावातल्या बुद्धविहारासमोर माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि 'जलवीर' लिहिलेला फलक. (फलकावर सुदामचा फोटो माझ्यापेक्षा मोठा होता.) भाषणात तो म्हणाला, "नानानं जीव धोक्यात घातला, पन दोरी मागितली न्हाई!" सुदाम पुढं निवडून आला. आता एसटी दिवसातून चार वेळा थेट गावात जाते. फाट्यावर ती वळते, आणि ड्रायव्हर माझ्या दुकानापुढं मानानं हॉर्न वाजवतो. प्रवासी खिडकीतून मला नमस्कार करतात. झेरॉक्सला कोणीच उतरत नाही.

रात्री जेवताना मी छायाला एकदाच विचारलं, "तू असं का केलंस?"

"मी बाभळीला बांधा म्हनलं व्हतं," ती म्हणाली आणि माझ्या ताटात भाजी वाढली. आता गुडघे दुखत नाहीत म्हणते. मला राग येतो, आणि भाजीही छान झालेली असते.

फाट्यावर उतरणारा आता मी एकटाच उरलोय. परवा कंडक्टर म्हणाला, "नाना, तुमच्या एकट्यापायी गाडी थांबवावी लागती. हा थांबा बंद होनार हाय. ऱ्हावा वाटत आसंल तर बसा की पुन्ना पान्यात!" सगळी गाडी हसली. मीही हसलो, पण घरी येऊन ट्यूब माळ्यावरून खाली काढली आणि डाव्या बाजूला नवीन ठिगळ लावून घेतलं. या वेळी मात्र दोरी बाभळीला बांधणार आहे. बाभूळ ग्रामपंचायतीला उभी राहत नाही.