नत्थूजींचं विलायती वाजवणं

नाकाडोंगरीच्या नत्थूजींनी वीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवला. वादकांची जागा रंगमंचापुढच्या खड्ड्यात. त्यामुळे प्रेक्षकांना वीस वर्षं दिसलं ते फक्त टक्कल. "आपली कला डोक्यावरूनच गेली जी लोकायच्या," असं ते स्वतःच सांगत.

एक्याऐंशी साली एका दुपारी शेंगा सोलताना त्यांनी रेडिओ लावला. निवेदिका म्हणाली, ऑर्गन आणि तंतुवाद्यवृंदासाठी या शतकात रचलेलं विलायती संगीत ऐका. नत्थूजी ऐकतच राहिले. ऑर्गन पुढे, बाकी सगळे मागे! कुणी गात नाही, राजा तलवार उपसत नाही. मरायच्या आधी एकदा तरी लोकांनी आपला नुसता ऑर्गन ऐकावा, असं त्यांच्या मनानं घेतलं.

"लोकं नाटक पाहाले येतेत. तुमचं टक्कल पाहाले कोन येईन?" त्यांची बायको रुखमिणी म्हणाली.

"टक्कल फुकट दाखवतो न मी."

तंतुवाद्यवृंद म्हणजे लग्नाच्या बँडमधला धनीराम आणि त्याचं तीन तारांचं व्हायोलिन. चौथी तार वरातीत तुटली होती. रेडिओवरचे सुरुवातीचे दणदणीत सूर तेवढे नत्थूजींच्या लक्षात होते. पुढचं सगळं त्यांच्या पदरचं. पण विलायती वाटावं म्हणून डोळे मिटून वाजवायचं ठरलं.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तेव्हा रात्रीच्या नाटकाआधी त्यांना दहा मिनिटं मिळाली. एक गोष्ट मात्र ते साफ विसरले. पडदा ओढणारा भय्याजी आत बसायचा, त्याला बाहेरचं काही दिसत नसे. तो वर्षानुवर्षं ऑर्गनच्या इशाऱ्यावरच चालायचा. एक दणका म्हणजे पडदा वर, लागोपाठ दोन म्हणजे खाली.

नत्थूजींनी डोळे मिटून पहिला दणका दिला. पडदा वर! आत राजा एका बाजूची मिशी चिकटवून चहा पीत होता. दोन दणके. पडदा खाली. पुन्हा एक. आता राणी बिडी ओढत होती. शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोर!"

"रसिक आहेत रे," नत्थूजी मिटल्या डोळ्यांनी पुटपुटले.

"डोळे उघडा जी," धनीराम म्हणाला.

त्यांनी डोळे उघडले आणि दणक्यांचा घोळ ध्यानात आला. स्वतःला मनोमन चार शिव्या हासडल्या. भाता सोडून पळावं, तर खड्ड्यातून वर चढायला दोन माणसं लागत.

"बंद करू का?" धनीरामनं विचारलं.

"वन्स मोर मांगतेत. देऊ."

पुन्हा दणके, पुन्हा राजा, पुन्हा हशा. मग दोन दणक्यांनी पडदा पडला आणि हळुवार भाग आला. त्यात दणका नव्हता, म्हणून पडदा हलेना. पाहायला काहीच उरलं नाही. फक्त ऑर्गन आणि तीन तारा. हसणं विरत गेलं. मैदान शांत झालं.

पहिल्या रांगेतल्या गोदावरीबाई शेजारणीला म्हणाल्या, "पडदा अटकला वाटते व."

"अटकू दे," नत्थूजी धनीरामला हळूच म्हणाले आणि तोच भाग त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरला.